अर्धी उघडणारी खिडकी

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी घराला रंग काढला, मोरीच्या फरशा बदलायला घेतल्या किंवा नुसता नवा गीझर बसवला, की शेजारपाजारचे एकच प्रश्न विचारतात. "आता कशाला खर्च करता? पाडायचीच आहे ना?" हा प्रश्न मी २००७ सालापासून ऐकतो आहे आणि, खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांना विचारतही आलो आहे. बिल्डिंग विलेपार्ल्याची, पूर्वेकडची. तीन मजली, बारा बिऱ्हाडांची, १९७१ साली उभी राहिलेली. पुनर्विकास होणार, होणार म्हणून मुंबईत जी घरं वर्षानुवर्षं पोपडे सांभाळत उभी आहेत, त्यांतलंच आमचं एक. अशा घरात नळ गळायला लागला तर वायसर बदलून भागवता येतं. भिंतीला ओल आली तर तिच्यापुढे कपाट सरकवता येतं. खिडकीचं मात्र काही झाकता येत नाही. ती आहे तशी दिसते, आतून आणि रस्त्यावरूनही.

मी बँकेत सदतीस वर्षं काढली. त्यांतली आठ-नऊ वर्षं कर्ज विभागात गेली. घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्यांना कंत्राटदारांची अंदाजपत्रकं जोडलेली असत आणि त्यांत एक ओळ हमखास असे, 'जुन्या खिडक्या काढून नव्या बसविणे'. कागदावर खिडकी म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले दर. आम्ही एक साधी कसोटी लावत असू. कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्याहून लांब असता कामा नये. दोन वर्षांत जे पडणार आहे त्यावर पाच वर्षांचे हप्ते बांधून घेणाऱ्याला मी स्वतः समोर बसवून समजावलं आहे, आणि त्यानं ते ऐकलं म्हणून चहाही पाजला आहे. नियम चांगला आहे. तो मी माझ्या घरालाही लावला आणि दहा वर्षं लावत राहिलो. तो हिशेब कसा चुकला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही गिरगावातल्या चाळीतून पार्ल्याला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. चाळीतल्या खोलीला खिडकी होती, पण ती गॅलरीत उघडायची. म्हणजे खिडकी उघडली की समोर शेजारच्यांचा पाय, नाहीतर पाण्याचं पिंप. पार्ल्याच्या जागेत दिवाणखान्याला सहा फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी होती. सागवानी चौकट, चार झडपा, प्रत्येकीत दोन तावदानं, चौकटीत आडवे गज. खिडकीचा कट्टा दीड वीत रुंद. बाहेर गुलमोहर आणि त्याच्याखाली रस्ता. आईनं घर पाहायला आली तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा पाहिला नाही, आधी या झडपा एकेक करून उघडल्या आणि भिंतीच्या हुकांत अडकवल्या. पुढे पन्नास वर्षं तिची जागा तीच. भाजी निवडायची तर तिथे, पेपर वाचायचा तर तिथे, आणि खालून जाणाऱ्या निम्म्या पार्ल्याशी दुसऱ्या मजल्यावरून बोलायचं तेही तिथूनच.

सागवानाचं एक आहे. त्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि कुज त्याला इतर लाकडांपेक्षा उशिरा गाठते. पण उशिरा म्हणजे कधीच नाही असं आपण धरून चालतो. लाकडाची खिडकी वरून किंवा मधून खराब होत नाही, ती खालून होते. झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीवर पाणी थांबतं. उभ्या पट्ट्यांची जी टोकं खाली येतात, तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या पाणी ओढून घेतात. रंगारी दर्शनी बाजू दोनदा रंगवतो, पण झडपेच्या खालच्या कडेला ब्रश लावणारा रंगारी मी आजवर पाहिलेला नाही. ती कड कुणाला दिसत नाही, आणि पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो.

मग काच धरून ठेवणारी लांबी. खडूची पूड जवसाच्या तेलात कणकेसारखी मळून ती करतात. तेल सुकत जातं, लांबी कडक होते, तडकते, आणि काच व लाकूड यांच्यामध्ये एक बारीक फट राहते. आमच्या खिडकीची लांबी १९७१ची होती. मधे वडील होते तोवर त्यांनी एकदा नवी भरून घेतली होती, बहुधा १९८४च्या सुमाराला. त्यानंतर कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

२६ जुलै २००५ मुंबईत कुणी विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझ म्हणजे आमच्या शेजारचं स्टेशन. मी त्या रात्री बँकेतच अडकलो होतो. घरी आई आणि बायको. वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येत होता आणि खिडकीच्या प्रत्येक फटीतून पाणी आत येत होतं. दोघींनी जुनी लुगडी पिळून पिळून कट्ट्यावर लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चालत घरी पोहोचलो तेव्हा वीज नव्हती, दोघी खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि खिडकी बंद होती. त्यानंतर तिच्या उजवीकडच्या दोन झडपा पुन्हा कधी नीट उघडल्या नाहीत.

त्या का उघडल्या नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लाकूड ओल पितं आणि फुगतं, पण ते फुगतं रेषांना आडवं. लांबीत ते जवळपास वाढत नाही. म्हणून झडपेच्या उभ्या पट्ट्या रुंद होतात आणि दोन झडपा मधोमध एकमेकींना अडतात. वाढ असते सुतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, किंवा त्याहूनही कमी. त्यात चाळीस वर्षांचे ऑइलपेंटचे थर. प्रत्येक दिवाळीच्या रंगानं झडपा थोड्या थोड्या जाड होत गेल्या होत्या. अशा वेळी आपण काय करतो, तर भर जुलैमध्ये सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. झडप सरसर फिरायला लागते, आपण खूश. जानेवारीत लाकूड वाळतं, आकसतं आणि बोटभर फट पडते. पुढच्या पावसात पाणी त्या फटीतून येतं. मला हे ज्या सुतारमामांनी सांगितलं ते मूळचे राजापूरकडचे. त्यांचं म्हणणं असं, की पावसाळ्यात खिडकीला फक्त मेण लावावं आणि गप्प बसावं. रंधा दिवाळीनंतर.

पण सुतारमामा माझ्या आयुष्यात आले २०१८ साली. त्याआधीची गोष्ट वेगळी आहे.

२००६च्या मार्चमध्ये मी खिडकीसाठी एक अंदाजपत्रक मागवलं होतं. तेव्हा सगळी मुंबई ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवत होती. स्वयंपाकघराची लोखंडी सेक्शनची खिडकी आम्ही त्याआधीच काढून टाकली होती, तिच्याबद्दल विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो चौकटीतल्या चौकटीत फुगतो, काच तडकवतो, भिंतीचा गिलावा ढकलून पाडतो. तिथे निर्णय सोपा होता. दिवाणखान्याचं मी 'पुढच्या वर्षी' म्हटलं. पुढच्या वर्षी, म्हणजे २००७च्या उन्हाळ्यात, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पहिला बिल्डर येऊन गेला. झालं. त्या दिवसापासून बिल्डिंग दोन वर्षांत पडणार होती.

ती दरवर्षी दोन वर्षांत पडणार होती. २००९च्या जानेवारीत सरकारनं सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी नियमावली काढली, तेव्हा आम्हाला वाटलं आता मार्ग मोकळा झाला. तीत तीनचतुर्थांश सभासदांच्या संमतीची अट होती. बारा जणांत नऊ. आमच्याकडे कधी सात व्हायचे, कधी आठ. एकदा नऊ झाले तर त्यातले एक अमेरिकेत मुलाकडे. सभेचा चहा आणि बटाटेवडे यांवर झालेला खर्च जोडला तर त्यात एक खिडकी नक्की आली असती. दरम्यान उजव्या झडपांच्या फटीत आम्ही वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या, मग एम-सील लावलं, मग एक वर्ष बाहेरून प्लास्टिक ठोकलं. एम-सील लावलं त्या दिवशी ती खिडकी आम्ही स्वतःच्या हातानं भिंत करून टाकली. तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा वाटलं, दोनशे रुपयांत भागलं.

२०१४ साली आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. वय ८३. आतल्या खोलीत तिला करमेना म्हणून दिवाण दिवाणखान्यात आणला आणि खिडकीशी लावला. तिला हवा होता म्हणून उजव्या अंगाला. म्हणजे बंद झडपांच्या बाजूला, कारण डाव्या बाजूला टीव्ही आणि त्याचं कपाट होतं. टीव्ही हलवावा असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

"जरा खिडकी उघड ना," असं ती सुरुवातीला रोज म्हणायची.

"अडकलीय आई. पावसाळा संपू दे, बघतो."

पावसाळा संपला की मार्च एंडिंग यायचं. मार्च एंडिंग संपलं की कुणीतरी म्हणायचं, पुढच्या महिन्यात सभा आहे, या वेळी नक्की. हळूहळू ती म्हणायची थांबली. मी ते 'सवय झाली' या खात्यात जमा केलं.

२०१७च्या ऑगस्टमध्ये तिच्या उशाशी भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागले. आम्हाला वाटलं धूळ. पुसले की चार दिवसांत परत. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, मग मान वळवून भिंत पाहिली आणि विचारलं, "ही खिडकी शेवटची कधी उघडली होती?" आम्ही तिघंही गप्प. बायको म्हणाली, "दोन हजार पाचच्या जुलैत." त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर खाली लिहिलं, 'मोकळी हवा'. बारा वर्षांत कुठल्याही बिल्डरला, सरकारी परिपत्रकाला आणि सभेला जे जमलं नव्हतं ते त्या दोन शब्दांनी झालं. माझा निर्णय त्या रात्री झाला.

निर्णय झाल्यावर मी अधिकाऱ्यासारखा वागलो, म्हणजे तीन अंदाजपत्रकं मागवली. ॲल्युमिनियमचं सर्वांत स्वस्त. यूपीव्हीसी, म्हणजे आत लोखंडी पट्टी घातलेलं कडक प्लास्टिक, त्याच्या जवळपास दुप्पट. सागवानी नवी खिडकी कुणी करून द्यायलाच तयार नव्हतं. एकानं आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला. यूपीव्हीसीवर बोट ठेवलं, कारण ते गंजत नाही, फुगत नाही, रंग मागत नाही आणि बंद केल्यावर रस्त्याचा आवाज आत येत नाही असं विक्रेत्यानं सांगितलं. हे सगळं खरं निघालं. शेवटचं तर फारच खरं निघालं.

माप घ्यायला जो मुलगा आला त्यानं टेप एकदा आडवी आणि एकदा उभी लावली. हे इथे थांबून सांगतो, कारण पुष्कळांची नवी खिडकी याच क्षणी बिघडते. जुन्या इमारतीतलं भिंतीचं भोक काटकोनात नसतं. रुंदी तीन ठिकाणी मोजायची, उंची तीन ठिकाणी मोजायची, आणि सर्वांत कमी असेल ती धरायची. मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत फरक निघाला तर तो कागदावर लिहून घ्यायचा. आमच्याकडे वरच्या डाव्या कोपऱ्यात पाऊण इंचाची फट राहिली. ती सिमेंटनं बुजवली, वर सिलिकॉनची रेघ ओढली आणि पुढच्या जुलैत तिथून पाणी आलं.

दुसरी गोष्ट जुन्या चौकटीची. नवी खिडकी जुन्या लाकडी चौकटीच्या आत बसवता येते. तोडफोड होत नाही, एका दिवसात काम होतं, म्हणून विक्रेते तेच सुचवतात. पण चौकट खालून कुजली असेल तर ती कुज नव्या खिडकीमागे झाकली जाते, आणि उजेडाचे चारी बाजूंनी दोन-दोन इंच जातात ते वेगळेच. आम्ही चौकट काढायची म्हटलं. तेव्हा तो कंत्राटदार मोठ्या मनानं म्हणाला, "साहेब, जुना माल आम्ही उचलून नेऊ. त्याचे वेगळे पैसे नाही लावणार." मी आभार मानणार होतो. बायकोनं आतून हाक मारली, स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं, "सागवान आहे ना ते?" सहा फुटांची, सेहेचाळीस वर्षं मुरलेली सागवानी चौकट आणि चार झडपा मी हमालीच्या बदल्यात देऊन टाकत होतो. सदतीस वर्षं तारणाचं मूल्यांकन केलेला माणूस! माल घरातच राहिला. आजही पोटमाळ्यावर आहे.

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या आठवड्यात दीड दिवसात खिडकी बसली. जाळीसकट, बाहेरच्या नव्या ग्रिलसकट, गवंडीकाम धरून चोवीस हजार रुपये. ग्रिलला एक झडप ठेवली आणि तिची किल्ली खिळ्यावर टांगली. आग लागली तर बंद ग्रिल म्हणजे पिंजरा, हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं.

आई दिवाणावर उशीला टेकून सगळं पाहत होती. मुलगा गेल्यावर मी मोठ्या ऐटीत काच सरकवली. एका बोटानं सरकली. वारा आत आला. आईनं डोळे मिटून घेतले, दोन-तीन श्वास घेतले, मग डोळे उघडून म्हणाली, "आता दुसरी पण उघड."

"दुसरी नाही उघडत आई. सरकती आहे. एकीच्या मागे दुसरी जाते."

"म्हणजे अर्धीच?"

अर्धीच. दोन काचांची सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, एका वेळी निम्मीच उघडते. हे इतकं उघड आहे की कुणी सांगत नाही, आणि इतकं उघड आहे की मी विचारलं नाही. तीन रुळांची घेतली तरी तिसरा रूळ बहुतेकदा जाळीला जातो. तिन्हींवर काचा असतील तर दोनतृतीयांश मिळते. पूर्ण मोकळी हवी असेल तर झडपेचीच घ्यावी लागते, धंद्यात तिला 'ओपनेबल' म्हणतात, आणि ती यूपीव्हीसीतही मिळते, ॲल्युमिनियममध्येही मिळते. मला ठाऊक नव्हतं. मी चौरस फुटांचा दर विचारला होता. उघडणाऱ्या चौरस फुटांचा विचारला नव्हता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आई मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "माझे कान गेले का रे?" खालून भाजीवाली रोज ओरडत जायची, ती आता ऐकू येत नव्हती. शाळा सुटल्याचा गलका नाही, दुपारचा भंगारवाला नाही. डास येतात म्हणून संध्याकाळी बायको खिडकी लावून घ्यायची आणि रबराच्या पट्टीनं बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं व्हायचं. मी खिडकी सरकवली. रस्ता आत आला. ती हसली, पण ओशाळून हसली. आपण बहिऱ्या झालो असं आठ दिवस मनात धरून ही बाई गप्प बसली होती. त्या दिवसापासून संध्याकाळी जाळी लावायची आणि काच उघडी ठेवायची असं ठरलं. पंख्याला थोडं जास्त काम पडलं, इतकंच.

पुढच्या वर्षी आतल्या दोन खोल्यांच्या खिडक्यांची वेळ आली तेव्हा मी शहाणा झालो होतो. अंदाजपत्रकाआधी सुतार बोलावला. सुतारमामांनी खिशातून पेचकस काढला आणि झडपांच्या खालच्या पट्टीत दर वीतभर अंतरावर टोचत गेले. जिथे टोक नुसतं टेकलं तिथे लाकूड ठीक. एका ठिकाणी ते लोण्यात जावं तसं अर्धा इंच आत गेलं. तेवढा तुकडा कापून नवा सांधायचा. मग त्यांनी झडप धरून वर-खाली हलवली. झडप खाली लोंबते आहे म्हणून आपण खिडकी गेली असं म्हणतो, आणि बहुतेक वेळा गेलेले असतात बिजागरीचे स्क्रू. त्यांची भोकं सैल झालेली असतात. त्यांत फेविकॉल लावून बांबूच्या चोया ठोकायच्या, वाळू द्यायच्या, मग तोच स्क्रू घट्ट बसतो. शेवटी ते बाहेर वाकले आणि त्यांनी वरच्या छज्जाकडे बोट दाखवलं. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, एक खाच असावी लागते. तिच्यामुळे पाणी खाली ठिबकतं, नाहीतर ते छज्जाच्या पोटाला धरून भिंतीकडे चालत येतं. आमची खाच सिमेंटच्या लेपाखाली कधीच बुजली होती. आम्ही वर्षानुवर्षं खिडकीला नावं ठेवत होतो, त्यातलं निम्मं पाणी छज्जाचं होतं. दिवाणखान्यात २०१७ साली चोवीस हजार खर्च करण्याआधी हे कुणी पाहिलं असतं तर? जाऊ द्या.

दोन्ही खिडक्यांचे नऊ हजार झाले. जुने रंग खरवडून काढले, लांबी नवी भरली, खालच्या कडा मी स्वतः उलट्या करून रंगवल्या. रंधा नोव्हेंबरात, अगदी हलका. त्या दोन खिडक्या अजून पूर्ण उघडतात.

याचा अर्थ लाकूड चांगलं आणि प्लास्टिक वाईट असा कुणी काढू नये. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा मी घरातच होतो, खिडक्यांपुढे फिरत होतो. आतल्या झडपा रात्री उशिरापर्यंत थडथडत होत्या आणि एक तावदान तडकलं. यूपीव्हीसीची खिडकी जागची हलली नाही. पण तिच्या खालच्या रुळात पाणी साठून आत सांडायला लागलं. रुळाला बाहेरच्या अंगानं पाणी जायला बारीक भोकं असतात, ती साडेतीन वर्षांच्या धुळीनं बंद झाली होती. बायकोनं केसांच्या आकड्यानं ती मोकळी केली आणि पाणी दोन मिनिटांत उतरलं. देखभाल लागत नाही असं जे सांगतात, त्याची देखभाल ही. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत, ज्यांचं घर हमरस्त्यावर आहे, ज्यांच्या चौकटीचे गजच गंजून सुटले आहेत, त्यांनी सुताराच्या नादी लागू नये, सरळ बदलावं. काच मात्र टफन्ड घ्यावी, फुटली तर तिचे धारदार तुकडे होत नाहीत.

त्या वादळाच्या रात्री दिवाण रिकामा होता. आई फेब्रुवारीत गेली होती, नव्वदीला टेकून. शेवटचे दोन महिने ती बोलत कमी होती, पण सकाळी काच सरकवली की उजवा हात जाळीपर्यंत न्यायची.

मी हिशेब केला. मोडल्याशिवाय मला राहवत नाही ती सवय आहे ही. ऑक्टोबर २०१७ ते फेब्रुवारी २०२१, चाळीस महिने. चोवीस हजारांना चाळीसनं भागलं की महिना सहाशे रुपये. आमच्याकडे दूध त्याहून जास्त रुपयांचं येतं. मग दुसरा हिशेब केला. २००७च्या दिवाळीनंतर कुणी सुतारमामा बोलावले असते तर तीन-चार हजारांत त्या चारही झडपा पुन्हा फिरल्या असत्या आणि तिला पूर्ण खिडकी तेरा वर्षं मिळाली असती. हा भागाकार मी केला नाही.

२०१९च्या जुलैत सरकारनं नियम बदलले, संमतीची अट एक्कावन्न टक्क्यांवर आली, आणि आमची बारांतली अडलेली तीन मतं एकाएकी निरुपद्रवी झाली. तरी बिल्डर ठरून करारावर सह्या व्हायला २०२४ उजाडलं. २००७ची 'दोन वर्षं' सतरा वर्षांत पूर्ण झाली. करारात एक कलम आहे. घरं रिकामी करताना दारं, खिडक्या, ग्रिल काढून नेता येणार नाहीत. त्यांवर हक्क विकासकाचा. पोटमाळ्यावरची चौकट आणि झडपा भिंतीला लागलेल्या नाहीत, तेव्हा त्या या कलमात येत नाहीत असं माझं मत आहे, आणि वकिलालाही मी तसं विचारून ठेवलं आहे. सुतारमामा आता थकले, त्यांचा मुलगा काम बघतो. झडपांचं काय करायचं हे त्यानं विचारलं तेव्हा मला चटकन उत्तर देता आलं नाही.

नव्या घराचे नकाशे आले आहेत. सगळ्या खोल्यांना सरकत्या खिडक्या, छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत. चित्रात फार देखण्या दिसतात. मी विकासकाच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला, दिवाणखान्यातली एक खिडकी झडपेची, पूर्ण उघडणारी हवी. तिथल्या मुलीनं विचारलं, "काही खास कारण, अंकल?" मी म्हटलं, हवेसाठी. तिनं अर्जावर शिक्का मारला, पोच दिली आणि सांगितलं की बाहेरच्या दर्शनी भागात एकच प्रकार ठेवायचं धोरण आहे, तरी कळवू. महिन्याभरानं मी आठवणीचं पत्र दिलं. त्याचीही पोच माझ्याकडे आहे.